ब्लूमिंग्टन: इलिनॉयचं की मिनेसोटाचं?

दोन्हीकडची ऑफर हातात असेल तर पगाराचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा. मी आधी इलिनॉयच्या ब्लूमिंग्टनला राहिलो, आता मिनेसोटाच्या. (तिसरं ब्लूमिंग्टन इंडियानात, ते विद्यापीठाचं गाव, शिकायला जाणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.)

खर्चाला इलिनॉय हलकं. घरभाडं कमी, राज्याचा आयकर सरसकट 4.95 टक्के, मिनेसोटात तो उत्पन्नाबरोबर चढत 9.85 पर्यंत जातो. ऑफिस जवळ, संध्याकाळी कॉन्स्टिट्यूशन ट्रेलवर, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरच्या पायवाटेवर, शेजारच्या नॉर्मल नावाच्या गावापर्यंत चालत जाता येतं. मात्र आपल्या आयटीवाल्यांची बरीचशी कामं स्टेट फार्म या विमा कंपनीभोवतीच फिरतात. प्रोजेक्ट संपला की बहुधा गावच बदलावं लागतं.

तरीही मी तिथून निघालो तो विमानतळापायी. गावात छोटा विमानतळ आहे, पण आई-बाबांना आणखी एक विमान बदलायला लावणं मला पटेना. मग शिकागोचं ओहेअर, आणि तिथून गाडीने दोन-सव्वादोन तास. आई-बाबांना उन्हाळ्यातच बोलवा असं सगळे सांगतात, पण बाळंतपण काही उन्हाळा बघून येत नाही. जानेवारीत आय-55 महामार्गाच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं, आडोसा कसलाच नाही. वारा सुटला की भुरभुरणारा बर्फ रस्त्यावर येतो आणि पुढच्या ट्रकचे दिवेही दिसत नाहीत. मागे बाबा सुजलेले पाय चोळत बसलेले, आई दर थोड्या वेळाने विचारणार, "अजून किती रे लांब?" परत सोडायला जातानाही तीच धास्ती.

मिनेसोटात मिनियापोलिसचा विमानतळ गावाला लागूनच. मुंबईहून ॲम्स्टरडॅमला एकदा विमान बदललं की थेट मिनियापोलिस. "उतरलो" असा बाबांचा मेसेज आला की मी घरून निघतो, तरी त्यांच्या बॅगा यायच्या आत पोचलेला असतो. थंडी इथे जास्तच, पारा उणे 25 पर्यंत उतरतो. पण बाबांची सकाळची फेरी चुकत नाही, ते मॉल ऑफ अमेरिकात चालतात. तो 1992 साली जुन्या स्टेडियमच्या जागेवर उभा राहिला. बेसबॉलची होम प्लेट, म्हणजे फलंदाजाची जागा, कुठे होती त्याची खूण आत फरशीत आहे, बाबांचा वळसा तिथूनच.

आई-बाबा येणार नसतील तर इलिनॉयमध्ये पैसे खरंच वाचतात. येणार असतील तर मी मिनेसोटाच म्हणेन. फक्त घर पश्चिमेला, हायलँड लेकच्या बाजूला बघा. पूर्वेकडे डोक्यावरून विमानं जातात.