घट माझे, पूजा त्याची: समुपदेशनाच्या आठ बैठका

मी लातूरची, नवरा कोलकात्याचा. वाळूजला एकाच कंपनीत होतो, तिथंच जमलं. लग्नाला सहा वर्षं झाली. पाचव्या वर्षी घर मोडायला आलं, तेव्हा छत्रपती संभाजीनगरातल्या एका खासगी समुपदेशन केंद्रात गेलो.

पहिल्या बैठकीचा राग अजून आहे. समोरचे गृहस्थ म्हणाले, "परप्रांतीय जोडीदार म्हटल्यावर ॲडजस्ट करावंच लागतं." हेच वाक्य दोन्ही घरांतून ऐकून ऐकून तर आम्ही तिथं पोचलो होतो. मी समुपदेशक बदलून मागितला.

नव्या मॅडम परभणीच्या. त्यांनी भांडणं विचारलीच नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, दोघांना दोन रंगांचे पेन दिले. ज्या दिवशी घरात अमुक झालंच पाहिजे असं वाटतं, तिथं खूण करा.

आश्विन दोन्ही रंगांनी भरला. आमचं कुलदैवत तुळजाभवानी. घट बसले की नऊ दिवस उपास, पायात चप्पल नाही, घरात कांदा-लसूण नाही. त्याच्याकडे त्याच दिवसांत देवी माहेरी येते. म्हणून नवे कपडे, रात्रभर मंडप आणि नवमीला मटण. त्याला वाटायचं, मी ऐन सणात सुतक पाळते. मला वाटायचं, हा देवघर बाटवतो. देवी एकच, आणि दर वर्षी तिच्यापायी आठ-आठ दिवस अबोला.

ज्येष्ठात एका तिथीवर फक्त त्याची खूण होती. जामाईषष्ठी. त्या दिवशी सासू जावयाला बोलावून जेवू घालते. आमच्याकडे जावयाचा मान धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे तीनेक वर्षांतून एकदा. तो दर ज्येष्ठात वाट बघायचा अन् गप्प बसायचा. आईला फोनवर सांगितलं तर तिला रडूच आलं. "आधी सांगायचं की गं," म्हणाली.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या पूजेला, खूण माझी एकटीची. त्याला ती शेतातली सहल वाटायची, म्हणून रजा काढायचा नाही.

उणिवाही आहेत. मॅडम रंगात आल्या की मराठीत शिरतात, नवरा मागं पडतो. मला दोनदा थांबवावं लागलं. शाँखा-पोला, म्हणजे बंगाली सवाष्णींच्या शंखाच्या आणि पोवळ्याच्या बांगड्या, घालण्यावरून सासूबाईंशी जे चाललंय, ते तसंच राहिलं, कारण केंद्रात व्हिडिओ कॉलची सोय नाही. पन्नास मिनिटांचे ८०० रुपये, रविवारची वेळ तीन आठवडे मिळत नाही. तरी जा, आणि लवकर जा. १९८४च्या कायद्यानं आलेल्या कुटुंब न्यायालयातही समुपदेशक असतात, पण त्यांच्यासमोर बसेपर्यंत अर्ज दाखल झालेला असतो.

यंदा अष्टमीला तो माझ्याबरोबर तुळजापूरला आला, उपास धरून. नवमीला बंगाली मित्राकडे मटण खाल्लं, आणि जाताना मला सांगून गेला.