आर्मवरचे साल खरे होते, आर्म मात्र जुना नव्हता

रिमोटवर चालणाऱ्या जुन्या छोट्या ट्रकचे सुटे भाग विकत घेणाऱ्या प्रत्येकाने, आणि विशेषतः तामिया या जपानी कंपनीच्या ब्लॅकफूट किंवा मॉन्स्टर बीटल या गाड्यांसाठी मागच्या सस्पेन्शनचे भाग शोधणाऱ्याने, माझी झालेली फसगत एकदा वाचून ठेवावी. मी या गाड्यांच्या बाबतीत नवखा नाही. तरीही फसलो, आणि ज्या गोष्टीला मी पुरावा समजत होतो तिच्यामुळेच फसलो.

माझा ब्लॅकफूट १९८६ सालच्या मूळ उत्पादनातला आहे. त्याचा मागचा उजवा आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा हात, तडकल्यामुळे मी दोन्ही आर्म, त्यांतील चाकांचे एक्सल आणि शॉक (धक्के शोषणारे भाग) असा पूर्ण संच एका विक्रेत्याकडून घेतला. ‘अस्सल पहिल्या काळातील, फारसा न वापरलेला’ असे त्याचे वर्णन होते. शंका नको म्हणून मी आर्मच्या आतल्या बाजूचे छायाचित्र मागवले. त्यात प्लॅस्टिकमध्येच उमटलेले कंपनीचे नाव आणि ऐंशीच्या दशकातले साल स्वच्छ दिसत होते. सध्या मिळणाऱ्या नव्या भागांच्या दुपटीहून अधिक किंमत मी त्या सालाकडे पाहून मोजली.

येथेच माझी चूक झाली. भागावर उमटलेले साल साच्याचे किंवा त्या रचनेचे असते. तो भाग त्या साच्यातून कधी बाहेर पडला, हे ते सांगत नाही. तामियाने फ्रॉग ही आणखी एक जुनी गाडी २००५ साली, मॉन्स्टर बीटल २०१५ साली आणि ब्लॅकफूट २०१६ साली पुन्हा बाजारात आणला. या तिन्ही गाड्यांची बैठक एकाच घराण्यातील असून त्यांचे कितीतरी भाग सामाईक आहेत. जुना साचा पुन्हा वापरला की त्यातले जुने सालही नव्या भागावर जसेच्या तसे उतरते. म्हणजे विक्रेत्याने पाठवलेले छायाचित्र खोटे नव्हते. त्यातून त्याने मला काढायला लावलेला अर्थ खोटा होता.

संच हातात आल्यावर पहिले दोन दिवस मला काहीच खटकले नाही. दोन्ही आर्मचा काळा रंग सारखा होता, कदाचित जरा जास्तच सारखा. पण ते तेव्हा सुचले नाही. जोडणी करताना डाव्या बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी एक्सलपर्यंत नेणारा दांडा, मुकाट्याने बसला आणि उजव्या बाजूचा बसेना. मूळ गाडीत या शाफ्टचे टोक षटकोनी असते आणि ते तशाच षटकोनी खाचेत बसते. हे षटकोन वापराने झिजून गोल होतात, हा या गाड्यांचा जुना आणि सर्वपरिचित दोष आहे. पुन्हा काढलेल्या गाड्यांत कंपनीने तो दूर केला आणि तेथे डॉगबोन शाफ्ट दिला, ज्याच्या टोकाला आडवी पिन असते आणि ती चिरा असलेल्या कपात अडकते. माझ्या उजव्या आर्ममधील एक्सलला असा कप होता, तर डाव्याला षटकोनी खाच. एकाच संचातील दोन बाजूंमध्ये कित्येक वर्षांचे अंतर होते.

त्यानंतर मी दोन्ही आर्म एक्सल काढून उजेडात तपासले. डाव्या आर्मच्या स्क्रूच्या छिद्रात ब्लेडने किंचित खरवडल्यावर वरच्या गडद काळ्याखाली राखाडी पडलेले जुने प्लॅस्टिक दिसले, आणि स्क्रूच्या डोक्याखाली झाकल्या गेलेल्या वर्तुळात तर रंग पोहोचलेलाच नव्हता. नायलॉनचे भाग गरम पाण्यात कापडाच्या रंगासह उकळले की ते रंग धरतात. मीही फिके पडलेले भाग असे रंगवले आहेत आणि त्यात काही गैर मानत नाही. परंतु येथे रंग दिला होता तो जुना आर्म नव्या आर्मशी मिळताजुळता दिसावा आणि जोडी सलग वाटावी यासाठी.

विक्रेत्याला मी दोन्ही एक्सलची छायाचित्रे पाठवली. त्याचे उत्तर असे, की साल दोन्ही आर्मवर आहे, ते आपण आधीच दाखवले होते, आणि एकदा स्क्रू लावून पाहिलेला माल परत घेतला जात नाही. साल खरोखरच दोन्हींवर होते, त्यामुळे मला वाद घालायलाही जागा उरली नाही.

नवा भाग वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. गाडी पळवायचीच असेल तर डॉगबोनची रचना निःसंशय सरस आहे, आणि कोणी ती तशी सांगून विकली असती तर मी कदाचित दोन्ही बाजूंसाठी घेतलीही असती. पण जुन्या गिअरबॉक्सला एका बाजूने षटकोन आणि दुसऱ्या बाजूने कप जोडता येत नाही. त्यामुळे हा संग्राहकाचा हळवेपणा नसून उजवे चाक फिरेल की नाही, एवढा साधा प्रश्न आहे.

आता मी विक्रेत्याकडे सालाचे छायाचित्र मागत नाही. शॉक आणि चाक काढून, डाव्या व उजव्या एक्सलचे आतले टोक शेजारी शेजारी ठेवलेले छायाचित्र मागतो, आणि एखादा स्क्रू पूर्ण काढून त्याच्या डोक्याखालची जागा दाखवायला सांगतो. जो ‘तेवढा वेळ नाही’ म्हणतो, त्याच्याशी पुढे बोलत नाही. गिअरबॉक्सची जोडी घेताना शाफ्ट ज्यात बसतो ते तोंडही समोरून पाहून घ्यावे, कारण आर्म जुना आणि गिअरबॉक्स नवा अशी उलटी सरमिसळही होऊ शकते.

माझ्या ब्लॅकफूटला डाव्या बाजूला तो रंगवलेला आर्म बसला आहे. उजव्या बाजूला अजून तडकलेलाच आहे, आतून पत्र्याची पट्टी लावून सावरलेला.