म्काते वा उफूता घरी करायचा तर: उलटा तवा की ओव्हन?

दार-ए-सलाममधल्या आपल्या मराठी घरांत रमझान जवळ आला की हा प्रश्न निघतोच. झांझिबारला तर दुपारपासूनच निखाऱ्यांवर म्काते वा उफूता, म्हणजे तिळाची भाकरी, भाजायला लागतात. बाहेरचा खाऊन चटक लागली की मग घरी करायची हौस येते. पिठाबद्दल फारसा वाद नाही. मैदा, यीस्ट, नारळाचं दूध, मीठ, बहुतेक घरांत एखादं अंडं. मी 400 ग्रॅम मैद्याला साधारण 400 मिली नारळाचं दूध घेतो. पीठ घावनाच्या पिठाहून बरंच घट्ट हवं, पण हातात घेतलं तर बोटांतून ओघळेल इतकं सैल. ते हातानेच फेटायचं, तार सुटेपर्यंत. दार-ए-सलामच्या हवेत तासाच्या आतच फुगतं.

नारळ ताजा की खोक्यातलं दूध, यावरही लोक हिरीरीने बोलतात. माझ्या जिभेला ताज्याचा वास कळतो, पण तेवढ्यासाठी रोज म्बुझीवर बसून नारळ खवायची माझी तयारी नाही. खोक्यातलं दाट वाटलं तर थोडं पाणी घाला आणि पुढे चला.

खरा निर्णय वरची बाजू कशी भाजायची याचा आहे. खालची बाजू दोन्ही पद्धतींत तव्यावरच होते. फरक त्यापुढे पडतो: तवा उलटा करून ती बाजू जाळाला दाखवायची, की तवाच उचलून ओव्हनच्या वरच्या रॉडखाली सरकवायचा.

ओव्हनची बाजू आधी मांडतो, कारण बरेच दिवस मी त्याच्याच बाजूचा होतो. काही पडायची भीती नाही, तीळ जागच्या जागी राहतात, मनगटाला त्रास नाही. घरात लहान मुलं मध्ये मध्ये करत असतील तर हे मुद्दे छोटे नाहीत. दिसायलाही म्काते देखणा होतो.

पण एका गोष्टीने माझा जीव खाल्ला. ओव्हन आधी तापवून ठेवावा, तर ठरलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट टक् करून रॉड बंद करतो. नेमक्या त्याच वेळी आपण म्काते आत सरकवतो. आतली हवा गरम असते, रॉड मात्र काळा. या भाकरीला वरून हवा असतो तो समोरून येणारा लाल जाळ, तोही थोडाच वेळ. तो न मिळाल्यामुळे ती भाजली न जाता नुसती वाळत राहते. रॉड परत लाल होईपर्यंत कडा कडक होतात, आणि वर रंग आला तेव्हा आतला ओलसर लुसलुशीतपणा गेलेला असतो. शिवाय भाकऱ्या एकेक करून होतात. दर वेळी दार उघडा, वाका, जाड फडक्याने तापलेला तवा ओढा, पुन्हा तीच वाट बघा. एक छान होते, पुढची पापुद्र्यासारखी सुकते, आणि का ते रॉडला विचारायचं. लूकूचे (इथल्या प्रीपेड वीजमीटरचे) युनिट किती जातात ते मी मोजलेलं नाही, पण मीटरकडे बघवत नाही हे खरं. तुमच्या ओव्हनला थर्मोस्टॅट न जुमानणारा वेगळा ग्रिल असेल तर कदाचित तुमचा अनुभव वेगळा असेल.

उलट्या तव्याचं तंत्र आपल्याला अगदीच नवं नाही. घरी गॅसवर नान करणारे हेच करतात. तवा लोखंडी हवा, दांड्याचा, आणि त्याला तेलाचा थेंबही लावायचा नाही. नॉनस्टिकवर हा खेळ होत नाही. भाकरी सरळ जाळात जाते. तवा चांगला तापला की मिठाच्या पाण्यात हात बुडवून पीठ पसरायचं. वर बुडबुडे येऊन ओली चकाकी गेली की लगेच उलटा करायचा. फार थांबलात तर खालची बाजू पूर्ण शिजून तवा सोडते आणि मग भाकरी जाळात पडते. ही वेळ नजरेला कळायला एक-दोन घाणे जातात. जाळापासून वीतभर अंतर ठेवून तवा गोल फिरवत राहिलं की अर्ध्या-एक मिनिटात वर तपकिरी ठिपके उमटतात. मग पातळ उलथण्याने खरवडून काढायचं, वर तूप.

याचा त्रास म्हणजे तीळ. जिकोवर, म्हणजे कोळशाच्या शेगडीवर, तीळ खाली पडले तर निखाऱ्यांत जळून जातात, कुणाला पत्ताही लागत नाही. गॅसवर ते बर्नरच्या भोकांत अडकतात आणि घरभर करपल्याचा वास सुटतो. आमच्या इमारतीत पेंबा बेटावरच्या एक मामा (स्वाहिलीत बाईंना असंच म्हणतात) राहतात. त्यांनी सांगितलेला उपाय असा: पीठ ओलं असतानाच तीळ घालायचे आणि ओल्या तळव्याने हलके दाबायचे, नंतर भुरभुरायचे नाहीत. तरी थोडे पडतातच, बर्नर टाचणीने साफ करावा लागतो. पण ते काम जेवणानंतरचं आहे. ओव्हनचा त्रास ऐन भाजताना होतो. तीळ कच्चेच घ्या, भाजलेले घेतले तर जाळावर कडू होतात. लिंडी-म्त्वाराकडचे तीळ इथल्या बाजारात मिळतात, ते न सोललेलेही चालतात.

ओव्हनचं नाव काढलं की या मामा फक्त हसतात आणि "केकी", म्हणजे केक, म्हणतात.

अर्थात ज्यांच्याकडे विजेची शेगडी किंवा इंडक्शन आहे, त्यांना उलट्या तव्याचा पर्यायच नाही. मनगट दुखणाऱ्यांनीही हट्ट करू नये, तवा भाकरीसकट चांगलाच जड लागतो. अशांनी ओव्हनचं दार चार बोटं उघडं ठेवावं, म्हणजे आतली हवा थंड राहून रॉड सहसा लाल राहतो. काही ओव्हनना हे चालत नाही, तेव्हा सोबतची पुस्तिका बघून घ्या. तवा शक्य तितका वरच्या खाचेत ठेवा. पाहुणे बरेच असतील आणि मासा किंवा कोंबडी नारळाच्या रश्शात असेल, तर थोडी कोरडी भाकरीही रस्सा पिऊन घेते, तेव्हा ओव्हन निभावून नेतो. नुसत्या तुपाबरोबर किंवा मिश्काकीबरोबर (सळीवर भाजलेल्या मटणाच्या तुकड्यांबरोबर) खायची असेल तर मला तरी जाळावरचीच लागते.

उरलेली फडक्यात गुंडाळून ठेवा, सकाळी चहाबरोबर छान लागते. गरम मात्र तव्यावरच करा.