१०९८ : शाळेसाठी कितपत कामाची?

नाशिकच्या शाळांत १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर असतो, पण फोन करायची वेळ आली की आधी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ‘अंतर्गत चौकशी’ सुरू होते. घोळ इथेच होतो. ही चाइल्ड हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते, आणि १८ वर्षांखालील मुलासाठी कुणीही फोन करू शकतं, खुद्द मूलसुद्धा.

२०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे आली आणि ११२ या आपत्कालीन नंबरला जोडली गेली. फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो, म्हणून नुसतं ‘सिडकोत, शाळेजवळ’ सांगून भागत नाही. शाळेचं पूर्ण नाव, चौक, तालुका, जिल्हा सांगा. मूल आत्ता कुठे आहे आणि संशयित त्याच्या आसपास आहे का, हे सर्वांत आधी.

फोनआधी एकाच शिक्षिकेने मुलाचं ऐकावं. ‘काकांनी इथे हात लावला’ असं मूल म्हणालं तर वहीत तेच शब्द, तारीख, वेळ. ‘विनयभंग’ असं भाषांतर नको. पाच जणांनी पाचदा विचारलं की जबाब बदलतो आणि पुढे कोर्टात वकील तेवढंच धरून बसतो.

मर्यादा एकच, पण मोठी: लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर केवळ या नंबरवर विसंबू नका. पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत कैद. सद्हेतूने दिलेली माहिती चुकली तरी कारवाई होत नाही, हे मात्र स्टाफरूममध्ये कुणी सांगत नाही.