हर्बेरियम शीटचे फोटो काढायला काय घ्यावं: किट झूम, ५० मॅक्रो, १०० मॅक्रो की स्कॅनर?

हर्बेरियम शीट, म्हणजे वाळवलेली वनस्पती चिकटवलेला कागद, साधारण ४२ बाय २८ सेंमीची, जवळजवळ सपाट, त्यामुळे काम सोपं वाटतं पण लेन्सची खोट सपाट वस्तूवरच उघडी पडते. किट झूमने (कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स) मधलं पान मस्त येतं आणि कोपऱ्यातलं लेबल मऊ, म्हणजे धूसर, कारण जवळून काढताना बऱ्याच झूमचं फोकस सपाट न राहता कडेला वाकतं. लेन्सचं छिद्र लहान करून एफ ८ किंवा ११ ला पुष्कळ सुधारतं, पण म्हणून एफ २२ ला जाऊ नका, अगदी लहान छिद्रातून प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन), त्यामुळे सगळंच मऊ होतं. शिवाय कॅमेरा खाली तोंड करून लावला की काही झूमची नळी आपोआप घसरते, वैताग नुसता.

मॅक्रो लेन्स, म्हणजे जवळून काढायला बनवलेली, कडेपर्यंत शार्प असते, प्रश्न फक्त ५० मिमी की १०० मिमी. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) अख्खी शीट बसवायला ५० ला सेन्सर कागदापासून ७० सेंमीवर लागतो, १०० ला जवळपास १.४ मीटर, म्हणजे स्टँड तेवढा उंच हवा आणि उंच स्टँड हलतोही जास्त. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर १०० विसराच, दोन मीटरच्या आसपास जावं लागेल. फुलपाखराचे पंख, नाणी असलं बारीक काम जास्त असेल तर मात्र १०० च घ्या, लाइट लावायला जागा मिळते.

स्कॅनरचं म्हणाल तर स्वस्त सीआयएसवाला (सेन्सर काचेला अगदी लागून असलेला) नकोच, काचेपासून जरा वर आलेलं फळ किंवा देठ लगेच धूसर. सीसीडीवाला (आत आरसे आणि लेन्स असलेला) बरा, आणि ६०० पीपीआय (इंचाला ६०० पिक्सेल) आरामात देतो, २४ मेगापिक्सेल कॅमेरा अख्ख्या शीटवर ३६० च्या आसपास थांबतो. पण शीट पालथी घालायची म्हणजे सुटे तुकडे गेलेच. लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाने यासाठी स्कॅनरच उलटा टांगून शीट खालून वर नेणारं हर्बस्कॅन बनवलं, आपल्याला ते कुठलं जमायला.

माझं मत विचाराल तर ५० मॅक्रो, आणि उरलेले पैसे मजबूत कॉपी स्टँडला (कॅमेरा खाली तोंड करून धरणारा स्टँड), जास्तीच्या मेगापिक्सेलला नाही. सेन्सर कागदाला समांतर नसेल तर भारीतली लेन्सही एक कोपरा घालवते. शीटच्या जागी छोटा आरसा ठेवून लाइव्ह व्ह्यूत (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर) बघा, लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोब्बर मध्ये आलं की समांतर झालं, मग फोकस मॅन्युअल, दोन सेकंदाचा टायमर आणि स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारी सोय) बंद.