जनरेटरचा जुना पाण्याचा पंप: दुरुस्ती, नक्कल की बेल्टवरचा?

जुन्या बोटींवरच्या जनरेटरची एक नेहमीची गत आहे. इंजिन ठणठणीत असतं, व्होल्टेज व्यवस्थित मिळतं, पण इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा पंप (ते पाणी शेवटी एक्झॉस्टमधून बाहेर पडतं) कंपनीने बनवायचा कधीच बंद केलेला असतो. आमच्या बोटीवरच्या अमेरिकन बनावटीच्या डिझेल जनरेटरवर ही वेळ आली तेव्हा समोर चार पर्याय होते: आहे तोच पंप दुरुस्त करायचा, त्याच मापाची नक्कल बाहेरून मागवायची, बेल्टवर चालणारा वेगळा पंप बसवायचा किंवा विजेवरचा लावायचा. चारही मार्गांनी गेलेले लोक मुंबईत भेटतात आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं. मीही त्यातलाच, हे आधी सांगून ठेवतो.

विजेवरच्या पंपाचं आधी उरकून टाकू. तो कुठेही बसतो, इंजिनाला हात लावावा लागत नाही, म्हणून मोह होतो. पण इंजिन फिरतंय आणि पंप बंद पडलाय, असं यात होऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे इंजिन बंद झाल्यावर पंप चालू राहिला, तर पाणी मफलरमध्ये साचत साचत उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. रिले, म्हणजे इंजिनाबरोबर पंप आपोआप चालू-बंद करणारा विजेचा स्विच, लावून हे टाळता येतं, पण खाऱ्या हवेत त्या रिलेचे टर्मिनल हिरवे पडायला वेळ लागत नाही. तासन्‌तास चालणाऱ्या जनरेटरसाठी मला हा मार्ग पटला नाही. ज्यांचा नीट चाललाय त्यांच्याशी वाद नाही.

दुरुस्तीला मात्र मी मनापासून मान देतो. नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग आणि सीलची दुकानं इतकी आहेत की बेअरिंगवर कोरलेला नंबर आणि जुनं सील घेऊन गेलात तर रिकाम्या हाताने सहसा परत यावं लागत नाही. सीलच्या ओठाने शाफ्टवर चर पाडला असेल तर लेथवाला ३१६ स्टेनलेसचा नवा शाफ्ट करून देतो. झाकण आतून झिजलं असेल तर ते उलटं करून लावायची जुनी युक्ती आहेच. इंपेलर, म्हणजे पंपात फिरणारं रबरी पात्यांचं चाक, त्या पंपाच्या नावाने मिळाला नाही तरी बाहेरचा व्यास, रुंदी, शाफ्टचं माप आणि पाती जुळवून दुसऱ्या पंपाचा बसतो. एक मात्र जरूर बघा: पाण्याचं सील आणि तेलाचं सील यांच्यामध्ये खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथून पाणी ठिबकायला लागलं की काही मिस्त्री ते भोक बुजवून देतात. तसं अजिबात करू देऊ नका. ते पाणी मग बाहेर न येता थेट गिअरकेसमध्ये, म्हणजे पंप फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीत, जातं आणि डिपस्टिकवर तेल दुधाळ चहासारखं दिसायला लागतं.

नक्कल मागवणं सर्वांत बिनडोकेदुखीचं दिसतं. जुना काढा, त्याच बोल्टांवर नवा लावा. कस्टमची ड्युटी आणि वाट बघणं सोडलं तर तक्रारीला जागा नाही. ज्या बोटींवर पंप समोर, उजेडात आहे, त्यांनी हाच मार्ग धरला तर मी अडवणार नाही.

आमच्याकडे गाडी अडली ती पंपाच्या झाकणापाशी. जनरेटर बसवताना पंपाची बाजू बल्कहेडकडे, म्हणजे बोटीतल्या लाकडी आडभिंतीकडे, गेलेली. झाकण आणि लाकूड यांच्यामध्ये कशीबशी हाताची बोटं जातात. इंपेलर नुसता बघायचा म्हटलं तरी आरसा, टॉर्च, डाव्या हाताने फिरवायचा आखूड स्क्रू-ड्रायव्हर आणि सहा बारीक स्क्रू. त्यातला एक हमखास बिल्जमध्ये, बोटीच्या तळाशी, पडणार. मग पातळ कागदी गॅस्केट जागेवर धरून पुन्हा तेच सगळं उलट क्रमाने.

स्वच्छ पाण्यात हे चालूनही जाईल. वर्षातून एकदा इंपेलर बदला असं साधारण सांगतात, तेवढ्यापुरता माणूस त्रास काढतो. पण आपलं बंदर गाळाचं. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लागली की भाऊच्या धक्क्यापासून माझगावपर्यंत पाण्याचा रंग बघा. ती रेती-माती पंपातून जाते आणि पाती, कॅम (पंपातला पाती वाकवणारा उंचवटा), झाकण सगळं घासत राहते. सक्शनवर प्लास्टिकची पिशवी आली तर पाण्याअभावी रबर मिनिटाभरात जळतं. तुटलेली पाती पुढे हीट एक्सचेंजरच्या, म्हणजे इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या, तोंडाशी जाऊन अडकतात आणि एकेक तुकडा शोधून जुळवावा लागतो. इथे इंपेलर वारंवार उघडून बघावाच लागतो, आणि जे उघडायला इतकं अवघड ते कोणी उघडत नाही. खलाशी म्हणतो पुढच्या फेरीनंतर बघू, तांडेलही मान डोलावतो, आणि मला त्यांना दोष देता येत नाही. दुरुस्ती केली काय किंवा नक्कल आणली काय, झाकण बल्कहेडकडेच राहणार होतं.

म्हणून बेल्टवरचा, पायावर उभा राहणारा पंप घेतला. जबस्को, जॉन्सन, शेरवूड अशा नावांचे या जातीचे पंप आणि त्यांचे इंपेलर आजही बनतात. जुन्या पंपाच्या जागी गिअरकेसवर भोक झाकणारी ब्लँक प्लेट आली. त्या गिअरला तेल कुठून जातं हे आधी मिस्त्रीकडून तपासून घ्या. नवा पंप इंजिनाच्या पुढच्या बाजूला, झाकण माणसाकडे.

यात आणखी एक फायदा निघाला. जनरेटर मुळात ६० हर्ट्झचा, म्हणजे १८०० फेऱ्यांचा. आपल्या ५० हर्ट्झसाठी तो १५०० वर चालवतात. इंजिनाच्या वेगाने फिरणारा जुना पंप त्यामुळे जवळजवळ सहावा हिस्सा पाणी कमी देत होता. बेल्टमध्ये ही तूट भरून काढता येते: क्रँकवर १२० मिलिमीटरची पुली, पंपावर १०० ची, की पंप पुन्हा १८०० वर. मी पाणी बादलीने मोजलं नाही. पण एक्झॉस्टमधून पडणाऱ्या पाण्याचा आवाज भरदार झाला आणि मेच्या उन्हात पूर्ण लोडवरही एक्झॉस्टच्या होजवर हात ठेवता येतो. मला तेवढं पुरे आहे.

बेल्टचे तोटे खरे आहेत. तो सैल होतो, तुटतो, त्यावर जाळी लावावी लागते. पण ए सेक्शनचा बेल्ट नागदेवीला कुठल्याही दुकानात मिळतो, आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा स्विच चालू अवस्थेत असेल तर बेल्ट तुटल्यावर इंजिन आपोआप बंद होतं. तो स्विच आधी तपासा, पंपाचं नंतर बघा. ब्रॅकेट इंजिनालाच बोल्ट करा, बोटीच्या लाकडाला नको. रबर माउंटवर इंजिन हलतं, पंप त्याच्याबरोबर हलला नाही तर बेल्टची लाइन राहत नाही. होजलाही थोडी ढील द्या. आणि पंप जुन्याच्या उलट दिशेने फिरणार असेल तर आत येणारं आणि बाहेर जाणारं तोंड बदलतं, हे होज कापायच्या आधी बघून घ्या.

तुमच्या पंपाचं झाकण मोकळ्या जागेत उघडत असेल तर एवढा खटाटोप कदाचित नको. नागदेवीची एक फेरी, नवं सील, बोटीवर एक जादा इंपेलर, झालं. बल्कहेडकडे उघडत असेल तर मात्र ब्रॅकेटचं माप घ्यायला पावसाळ्याची वेळ चांगली, बोट वर काढलेली असते. त्या दिवसांत इंपेलर काढूनच ठेवावा लागतो, नाहीतर कॅमखाली दबलेली पाती तशीच वाकडी राहतात. आमच्याकडे हे काम आता खलाशी न सांगता करून टाकतात.