उंदराच्या हृदयाचा एमआरआय: एका सामाईक इमेजिंग केंद्राचा परखड रिव्ह्यू

गुण: पाचपैकी चार. एक गुण डेटा हातात देण्याच्या पद्धतीमुळे कापलाय. त्याबद्दल पुढे बोलतेच.

मी हार्ट फेल्युअरच्या प्राणी-मॉडेलवर काम करते. उंदराची डावी कोरोनरी धमनी बांधून हृदयाचा झटका आणायचा, नाहीतर महाधमनीची कमान आवळून हृदयावर दाबाचा भार टाकायचा, आणि पुढचे काही आठवडे डावा कप्पा कसा बदलत जातो ते मोजायचं. आजवर हे सगळं इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, निभावलं. इको स्वस्त, झटपट, आपल्याच खोलीत होतो. पण झटका आलेल्या हृदयावर इकोचं गणित लंगडं पडतं. एम-मोडच्या, म्हणजे हृदयातून आरपार जाणाऱ्या ध्वनिलहरीच्या, एका रेषेवरून आकारमान काढताना कप्पा सगळीकडे सारखाच आकुंचन पावतो असं गृहीत धरलेलं असतं. झटक्यानंतर नेमकं तेच खरं नसतं. टोकाकडचा भाग पातळ होऊन फुगलेला, बुडाकडचा भाग जीव तोडून आकसणारा. रेषा कुठून गेली त्यावर इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते) ठरतं. म्हणून या वेळी एमआरआय करून देणाऱ्या केंद्राकडे गेले. नाव देत नाही. अशी केंद्रं बहुतेक ठिकाणी एकाच धर्तीवर चालतात, त्यामुळे खाली लिहिलंय ते दुसरीकडे जातानाही उपयोगी पडावं.

माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर चुंबकाचा आकडा ठळक अक्षरांत: ९.४ टेस्ला. माणसांच्या दवाखान्यात १.५ किंवा ३ टेस्लाचं मशिन असतं, म्हणजे आकडा दबदबा पाडणारा आहेच. गरजही खरी आहे. उंदराचं हृदय जेमतेम शे-दीडशे मिलिग्रॅमचं, डाव्या कप्प्याची भिंत साधारण एक मिलिमीटर जाड. माणसाच्या स्कॅनमध्ये चालून जाणारा दीड मिलिमीटरचा पिक्सेल इथे अख्खी भिंत गिळून बसतो. पिक्सेल दहापट बारीक करायचा तर प्रत्येकातून येणारा सिग्नल नगण्य होतो. तो भरून काढायला जोरदार चुंबक लागतं आणि छातीला अगदी लगटून बसणारी, सिग्नल पकडणारी छोटी कॉइलही लागते. या दुसऱ्या गोष्टीची जाहिरात कुणी करत नाही. कॉइल नीट बसलेली असेल तर ७ टेस्लावरही सुरेख काम होतं. उलट ताकद वाढली की फुफ्फुसातल्या हवेशेजारी, हृदयाच्या कडेला, प्रतिमा विस्कटायची शक्यताही वाढते. तेव्हा आकड्यावर भाळू नका.

माझ्या मते या सेवेची खरी परीक्षा चुंबकाबाहेर, तयारीच्या टेबलावर होते. उंदीर क्रेडलवर (मशिनमध्ये सरकवायच्या पाळण्यावर) कसा निजवला, भूल किती दिली, ऊब कशी राखली, ईसीजीच्या तारा कुठे लावल्या, यावर पुढचा तास चांगला जाणार की वाया, ते ठरतं. इथली ऑपरेटर या कामात पक्की आहे. आयसोफ्लुरेन या हुंगवायच्या भुलीवर झोपवताना तीन-चार टक्के, मग लगेच दीडच्या आसपास, आणि पुढे श्वास मोजत मोजत आणखी खाली. महाधमनी आवळलेल्या उंदरांना तिने, मी न सांगता, कमी भूल दिली. निकामी होत चाललेलं हृदय नेहमीच्या मात्रेलाही लवकर दबतं, हे तिला माहीत होतं. आयसोफ्लुरेन स्वतःच आकुंचनाची ताकद कमी करतं. भूल जास्त झाली की नाडी पडते, नाडी पडली की इजेक्शन फ्रॅक्शन बदलतं, आणि मग आपण औषधाचा परिणाम मोजतोय की भुलीचा, ते देव जाणे. केटामाइन-झायलाझिन या टोचायच्या भुलीच्या मिश्रणाने तर नाडी आणखी घसरते. कुठलं केंद्र हृदयाच्या कामासाठी ते सुचवत असेल तर तिथून निघा.

ऊब हा दुसरा मुद्दा. एवढासा जीव भुलीखाली बघता बघता गार पडतो, आणि गार पडला की नाडी मंदावते. इथे कोमट पाण्याची नळी अंगाखालून फिरवलेली आणि गुदद्वारात तापमान मोजणारा फायबर-ऑप्टिकचा काटा. धातूचा काटा आत चालत नाही. पडद्यावर ३७ अंश धरून ठेवलेले. मी शेजारी उभी राहून बघितलं. तापमान अर्ध्या अंशाने उतरलं की तिचा हात आपोआप पाण्याच्या हीटरकडे जायचा.

आता गेटिंग, म्हणजे हृदयाच्या ठोक्याशी आणि श्वासाशी स्कॅनची वेळ जुळवणं. नवख्यांना यातली गोम कळत नाही म्हणून थोडं थांबते. भूल दिलेल्या उंदराची नाडी मिनिटाला साडेचारशे-पाचशे. म्हणजे एका ठोक्याला साधारण १२० मिलिसेकंद. तेवढ्यात हृदय आकसतं, सैलावतं, पुन्हा भरतं. एका ठोक्यात पूर्ण चित्र घेणं शक्य नसतं. म्हणून प्रत्येक ठोक्याला चित्राचा थोडा थोडा भाग घ्यायचा आणि शेकडो ठोक्यांतून सात-आठ मिलिसेकंदांच्या अंतराने पंधराएक फ्रेमची सिने फिल्म जुळवायची. ही जुळवाजुळव ईसीजीच्या टोकदार आर-लाटेवर, म्हणजे आकुंचन सुरू होतानाच्या खुणेवर, चालते. पण चुंबकाच्या आत महाधमनीतून वाहणारं रक्त स्वतःच विजेचा दाब निर्माण करतं आणि त्यानंतरच्या, हृदय सैलावतानाच्या टी-लाटेच्या जागी खोटा उंचवटा उभा राहतो. त्यात ग्रेडियंट (प्रतिमेसाठी झपाट्याने बदलणारी चुंबकीय क्षेत्रं) सुरू झाले की तारांमध्ये वेगळाच खडखडाट. मशिनला टी-लाट आर वाटली की अर्धी फ्रेम आकुंचनाची, अर्धी सैलावण्याची, आणि भिंतीला भुतासारखी दुहेरी कड. शिवाय पोटाखालची हवेची छोटी उशी श्वास ओळखते आणि श्वास चालू असताना घेतलेला भाग बाजूला टाकला जातो.

एका उंदराचा ईसीजी काही केल्या धरेना. ऑपरेटरने स्कॅन थांबवला, क्रेडल बाहेर ओढलं, पुढच्या पंजाची तार काढून पुन्हा लावली आणि तारा एकमेकींना पीळ देऊन मधोमध नेल्या. तारांनी उघडा फास केला की त्यात ग्रेडियंटचा गोंगाट शिरतो, पीळ दिला की बराच मरतो. आर-लाट चाकूच्या पात्यासारखी वर आली. ही दहा मिनिटं कुठल्या पावतीवर दिसत नाहीत, पण तीच केंद्राची किंमत ठरवतात. ईसीजीशिवाय, सिग्नलमधूनच हृदयाची लय मागाहून शोधणारी सेल्फ-गेटिंगची सोयही त्यांच्याकडे आहे. सवडीने मोजायचं असेल तर ती बरी पडते.

हाती काय आलं? बुडापासून टोकापर्यंत एकेक मिलिमीटरच्या आडव्या स्लाइस. प्रत्येक स्लाइसमध्ये आतली आणि बाहेरची कड आखायची, क्षेत्रफळांची बेरीज करायची, की आकारमान मिळतं. कुठलाही आकार गृहीत धरावा लागत नाही. भिंतीच्या आकारमानाला १.०५ या घनतेने गुणलं की स्नायूचं वजन. झटक्याच्या उंदरांत ही सेवा पैसा वसूल आहे, यात वाद नाही. फुगलेलं टोक, पातळ झालेली भिंत, न हलणारा पट्टा, सगळं फिल्ममध्ये डोळ्यांना दिसतं. आणि तोच उंदीर पुन्हा पुन्हा मोजता येतो. दर टप्प्याला वेगळा गट मारून हृदय तोलण्याची गरज उरत नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या संशोधकांनी प्रयोगातले प्राणी कमी करा म्हणून सांगितलं होतं. त्याला इथे खरा अर्थ येतो. (एमआरआयच्या अगदी बाल्यावस्थेत, १९७४ मध्ये, एमआरआयचे एक जनक लॉटरबर यांनी जिवंत उंदराची प्रतिमा काढली होती. म्हणजे या मशिनची आणि उंदराची ओळख जुनी.)

महाधमनी आवळलेल्या गटात फायदा आहे, पण इतका चमकदार नाही. या मॉडेलमध्ये २७ गेजच्या सुईवर, म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीवर, धाग्याची गाठ मारून सुई काढून घेतात. १९९१ पासून ही पद्धत रूढ आहे. गाठ कुणाची घट्ट, कुणाची सैल. स्नायूचं वजन एमआरआयवर चोख मिळतं, आणि कमानीच्या सिने फिल्ममध्ये आवळलेल्या जागेपुढे वेगाने सुटणारी रक्ताची धार काळ्या शेपटासारखी दिसते. गाठ सुटलेला उंदीर वेळीच ओळखता येतो. धाग्याऐवजी धातूची क्लिप वापरत असाल तर मात्र आधी विचारा. टायटॅनियमची क्लिपसुद्धा आजूबाजूला काळा डाग पाडते, आणि नेमकी तीच जागा बघायची असते. उंदरांच्या कानातले ओळखीचे धातूचे बिल्लेही काढून आणावे लागतात.

व्रणाचं मोजमाप गॅडोलिनियम हे प्रतिमा उजळवणारं औषध देऊन होतं. मेलेल्या स्नायूत ते रेंगाळतं आणि ती जागा पांढरी उजळते. इथे केंद्राने दिलेली नळी मला खटकली. चुंबकाच्या बाहेरून शेपटीच्या शिरेपर्यंत दोन मीटर, आतला व्यास ०.२८ मिलिमीटर. हिशेब केला तर नळीतच सुमारे १२० मायक्रोलिटर राहतात. पंचवीस ग्रॅमच्या उंदराला एका वेळी शिरेतून द्यायची सर्वसाधारण मर्यादा किलोला पाच मिलिलिटर, म्हणजे १२५ मायक्रोलिटर. औषध आणि ते पुढे ढकलणारं सलाइन मिळून उंदराचा कोटा संपला. औषध आधीच नळीच्या शेवटच्या टोकाला भरून ठेवा, किंवा चुंबकात घालण्याआधी पोटात टोचा. पोटातून ते सावकाश पसरतं, पण उंदराच्या बाबतीत चालतं. हे केंद्राने स्वतःहून सांगायला हवं होतं.

डायस्टोलसाठी, म्हणजे हृदय सैलावून भरतं ते मोजायला, इथे येऊ नका. इजेक्शन फ्रॅक्शन शाबूत असलेलं हार्ट फेल्युअर, म्हणजे चरबीयुक्त खाद्य आणि पाण्यातून एल-नेम हे रक्तदाब वाढवणारं रसायन देऊन घडवलेलं २०१९ पासूनचं ते लोकप्रिय मॉडेल, तुमचा विषय असेल तर इकोचा डॉप्लर (रक्ताचा वेग मोजणारा) अजून सरस आहे. सात-आठ मिलिसेकंदांच्या फ्रेममधून हृदय भरण्याच्या लाटा नीट सुट्या होत नाहीत.

आता कापलेला गुण. अहवालात प्रत्येक उंदरामागे एक तक्ता: इजेक्शन फ्रॅक्शन, भरलेल्या आणि आकसलेल्या कप्प्याची दोन आकारमानं, वजन. बस्स. कडा कुठे आखल्या, पॅपिलरी स्नायू (झडपांना धरणारे, पोकळीत पुढे आलेले) पोकळीत धरले की भिंतीत, याचा पत्ता नाही. पोकळीची त्रिज्या दोन मिलिमीटर आणि पिक्सेल ०.१५ मिलिमीटर असताना कड एका पिक्सेलने बाहेर सरकली तर क्षेत्रफळात पंधरा टक्क्यांहून जास्त फरक पडतो. ज्याने आखलं त्याचा हात दिसल्याशिवाय आकडा घेऊन काय करू? स्कॅनच्या वेळची नाडी आणि तापमान यांची नोंदही मागितल्यावरच मिळाली, तीही काही उंदरांची. विश्लेषण करणाऱ्याला गट माहीत नसतात, नुसते सांकेतिक क्रमांक दिलेले असतात, ही मात्र चांगली गोष्ट. कच्च्या डिकॉम, म्हणजे मूळ प्रतिमांच्या, फाइल आणून मी कडा पुन्हा स्वतः आखल्या.

फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीही (त्याच मशिनवर स्नायूतली ऊर्जेची रसायनं मोजणं) घ्या म्हणून आग्रह झाला. निकामी हृदयात फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपीचं गुणोत्तर घटतं, स्नायूच्या इंधनाचा अंदाज येतो, हे खरं आहे. पण उंदरात सिग्नल इतका क्षीण असतो की स्कॅनची वेळ बरीच वाढते, आणि दमलेल्या हृदयाला भुलीखाली तेवढा वेळ ठेवायची माझी तयारी नव्हती. चयापचय हाच तुमचा प्रश्न असेल तर जरूर घ्या. सोबत मिळतंय म्हणून घेऊ नका.

पुढचं काम उजव्या कप्प्याचं आहे, फुफ्फुसातला रक्तदाब वाढवणारं मोनोक्रोटॅलिन दिलेल्या रॅटवर. तो कप्पा चंद्रकोरीसारखा, इकोला न गवसणारा, तेव्हा एमआरआयला पर्याय नाही. बुकिंग याच केंद्रात केलंय, ऑपरेटरही तीच मागून घेतली आहे. फॉर्मवर मात्र दोन ओळी वाढवल्या: कडा आखलेल्या मूळ फाइल द्याव्यात, आणि दर स्लाइसगणिक नाडी-तापमानाची नोंद जोडावी.